एकतीस नंबरचं रोप

९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद पाठवतो आहे. नको असतील तर पाकिटातच राहू देत, पण पत्र वाच. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र आलं, म्हणजे तुला वाटेल म्हातारा आजारी पडला. तसं काही नाही. दोन दाढा गेल्या, एवढंच.

लिहायचं कारण असं की मागच्या अंगणातली पाण्याची टाकी काल बदलली. जुनी बुडाशी गळत होती. शेजारचा गवंडी आणि मी मिळून ती ओढून बाजूला केली, तर भिंत आणि टाकी यांच्या मधल्या वीतभर फटीत एक कुंडी आडवी पडलेली दिसली. फुटलेली. आणि तिच्यातून बाहेर येऊन एक रोप खालच्या खडीत मुळं रोवून बसलेलं. गवंडी म्हणाला, "तण आहे, उपटू का?" मी त्याच्या हातावर चापट मारली. साठीच्या माणसाच्या हातावर! त्याने तासभर माझ्याशी अबोला धरला.

कुंडीत प्लास्टिकची पट्टी अजून खोचलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ३१. अक्षर तुझं. पेन उडतं, पेन्सिल टिकते, असं तू म्हणायचीस आणि मी हसायचो.

त्या दिवसाबद्दल एकदाच लिहितो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मोठ्या रोपवाटिकेच्या बाई तू बियांपासून तयार केलेली नव्या रंगांची अठ्ठेचाळीस रोपं बघायला येणार होत्या. तू रोपं मांडायला खोकी हवीत म्हणून आमच्या रंगाच्या दुकानात गेली होतीस. मी सकाळी शाळेच्या दारांसाठी निळा मिसळून लवकर घरी आलो होतो आणि अंगण साफ करायला घेतलं. थंडीने पानं करपून काळी पडली होती. मला ती मेलेली वाटली. कचऱ्याची गाडी दारात आली आणि मी कुंड्या तिच्यात घातल्या. तू आलीस, गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावलीस, परत आलीस तेव्हा तुझे हात मातीने भरले होते आणि तू माझ्याशी बोलली नाहीस. आठ दिवसांनी घर सोडून गेलीस. चूक झाली, असं मी तेव्हाही म्हणालो होतो. आताही तेच म्हणतो.

एकतीस नंबर त्या गडबडीत टाकीमागे घरंगळला असणार. टाकीच्या गळक्या पाण्यावर चार वर्षं जगला. आता तो मरू देणार नाही. मला झाडांतलं काही कळत नाही हे तुला माहीत आहे, पण पस्तीस वर्षांपूर्वी मला रंगातलंही काही कळत नव्हतं. शिकेन. रोप मोठं करून तुला परत करायचं, हे मी ठरवलं आहे. तू उत्तर दिलंस तर बरं, नाही दिलंस तरी मी लिहिणार.

तू आईला फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासतो. नळ बारीक सोडतो, म्हणजे तुझा आवाज येतो.

— बाबा


६ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझ्या रोपांचं ह्यूकेरा हे नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. शिंक अर्ध्यात अडकल्यासारखं वाटतं. गावातल्या रोपांच्या दुकानात गेलो, बाईंनी विचारलं, "काका, काय हवंय?" मी म्हटलं, "ते शिंकेसारखं नाव असलेलं." त्यांनी बरोबर त्याच मांडवात नेऊन उभं केलं.

एकतीस नंबरवर हात चालवण्याआधी दुसऱ्यांवर शिकून घ्यावं, असा माझा विचार. नवीन कामगाराला आपण आधी मागच्या भिंतीचा रंग मिसळायला देतो, तसं. पण भिंगरे, तू मला कधी सांगितलं नाहीस की हे एवढ्या रंगांत येतं! मी समजत होतो दोन-तीन असतील. तिथे कच्च्या लिंबासारखं पिवळट हिरवं होतं, करपवलेल्या साखरेचं होतं, पिकलेल्या जर्दाळूचं होतं. एक तर जवळजवळ काळं, त्याच्याशेजारी रुपेरी पानांवर जांभळ्या शिरांचं. पस्तीस वर्षं मी लोकांना रंगाचं कार्ड दाखवून "सावकाश बघा" म्हणतो आहे आणि तिथे माझाच निर्णय होईना. एक उचलायचो, दुसरं बघून पहिलं ठेवायचो. बाई वैतागल्या.

"काका, रंग नंतर. आधी सांगा, तुमच्याकडे ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं?"

मला सांगता येईना. ज्या घरात अठ्ठावीस वर्षं राहतो, त्या घरात ऊन कधी येतं मला माहीत नाही! रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या मातीच्या पट्टीजवळ स्टूल टाकून बसलो आणि दर तासाला उन्हाची कड भिंतीवर खडूने आखली. पट्टी तुला आठवते ना? बारा पावलं लांब, दोन हात रुंद, जिथे आजवर फक्त मोडकी सायकल उगवली. फाटकाच्या टोकाला अकरापर्यंत ऊन असतं, मधे नऊपर्यंत, नळाच्या टोकाला अजिबात नाही. तुझी आई तीनदा बाहेर येऊन बघून गेली. चौथ्यांदा म्हणाली, "अहो, भिंत कुठे जात नाही. जेवायला या."

खडूच्या खुणा कागदावर उतरवून नेल्या तेव्हा बाई खूश झाल्या. गडद पानांना ऊन सोसतं, पिवळट हिरव्यांना सोसत नाही, तांबूस असतात त्यांना सकाळचं चालतं पण दुपारचं नको. मी सात रोपं घेतली आणि घरी येऊन लगेच शहाणपणा केला. लिंबू रंगाचं फाटकाशी लावलं, कारण काळ्याशेजारी ते फार उठून दिसत होतं. आठ दिवसांत त्याच्या कडा जुन्या वर्तमानपत्रासारख्या झाल्या. बाईंनी सांगितलेलं असताना! मुकाट्याने उचललं आणि नळाशी नेलं. तिथे आता ते दिवा लावल्यासारखं दिसतं.

पट्टीच्या मधोमध एक जागा रिकामी ठेवली आहे. कोणी काही लावू नये म्हणून तिच्यावर वीट ठेवली. ती कोणासाठी, हे वेगळं सांगत नाही.

एकतीस नंबर सध्या मोठ्या कुंडीत आहे. भरपूर शेणखत घातलं, आणि डगमगू नये म्हणून चांगलं खोल, पानांपर्यंत मातीत बसवलं. एकदम भक्कम.

— बाबा


२० मे

भिंगरे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दारातच वाचलं. वाचायला असं किती होतं म्हणा. "खोल पुरू नका. मान मातीच्या वर हवी. शेणखत नको." वर नाव नाही, खाली सही नाही. तुझी आई म्हणाली, "तार केली असती तरी दोन शब्द जास्त आले असते." पण ते कार्ड तिने माझ्याआधी दोनदा वाचलं होतं, हे मला पोस्टमनने सांगितलं.

चप्पल न घालता मागे पळालो. माती उकरली. तू म्हणतेस ती मान, म्हणजे जिथून पानं फुटतात तो जाड बुंधा, एका बाजूने मऊ पडली होती. बोट लावलं तर तपकिरी पाणी आलं आणि वासही. अजून आठ दिवस गेले असते तर संपलंच होतं. चार वर्षं खडीत, गळक्या पाण्यावर, कोणाच्या मायेशिवाय ते जगलं आणि मी दोन महिन्यांत लाडाने मारायला आणलं.

रोप घेऊन तसाच रोपांच्या दुकानातल्या बाईंकडे गेलो. त्यांनी स्वच्छ सुरीने कुजकं सगळं कापून काढलं. मला बघवत नव्हतं, म्हणून मी कुंड्या मोजत उभा राहिलो. शेवटी तीन तुकडे उरले, प्रत्येकाला थोडी मान आणि दोन-चार मुळं. बाई म्हणाल्या, "काका, हे तीन. जगतील की नाही सांगत नाही." अर्धी वाळू, अर्धी माती, आणि पाणी फक्त वरची माती कोरडी पडल्यावर. मी कागदावर लिहून घेतलं आणि कागद नळाच्या वर चिकटवला.

तिन्ही खिडकीबाहेर सावलीत आहेत. रोज सकाळी कामावर जाण्याआधी बघतो. हात लावत नाही, नुसतं बघतो.

कार्ड जपून ठेवलं आहे.

— बाबा


११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

तीनपैकी दोन जगले. तिसरा जूनमध्ये गेला. त्याची कुंडी टाकायचं माझ्याच्याने झालं नाही, तुझ्या आईने टाकली.

दोघांना आता तळहाताएवढी पानं आहेत आणि आज तुला रंगाबद्दल लिहायचं आहे. तुझी वही आईने कपाटात ठेवली होती, ती मी मागून घेतली. एकतीस नंबरपुढे तू लिहिलं आहेस, "तांब्याचा, पण तांब्याचा नाही." हे काय वर्णन झालं? माझ्या हाताखालच्या माणसाने असं लिहिलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. मग पान घेऊन आमच्या रंगाच्या दुकानात गेलो.

दुकानात आता मशीन आहे. नंबर दाबला की डब्यात रंग पडतो. मला फक्त कोणी जुन्या भिंतीचा टवका घेऊन आला आणि मशीनला जमलं नाही तरच हाक मारतात. मशीनसमोर तुझं पान धरलं, तर त्याने मला चिखल दिला. मग टेबलावर बसून मी स्वतः मिसळला. गेरू, थोडा पिवळा, लाल, काळ्याचा एक थेंब. ओल्या रंगावर निकाल द्यायचा नाही हे तुला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल. वाळू दिला, जुळला नाही. तीन दिवस रोज दुपारची सुट्टी घालवली. मग एकदा पान सहज खिडकीकडे धरलं आणि डोक्यात उजेड पडला. पानाची खालची बाजू गुलाबी-जांभळी आहे, ऊन आलं की ती वर झिरपते. आता ते डब्यात कसं आणणार? म्हणजे तुझं वर्णन बरोबर होतं. शेवटी मालकाला म्हटलं, माझ्या मुलीने असा रंग केला आहे जो मला मिसळता येत नाही. मालक म्हणाले, "मग तुम्ही इतके खूश का?"

गवंडी रोज कुंपणावरून डोकावतो. "फुलं कुठायत? नुसती पानं? त्यापेक्षा पालक लावला असतास तर खाता तरी आला असता." पण काल त्याची बायको काळ्या पानांचा तुकडा मागून घेऊन गेली, आणि हा मागे उभा राहून मान लांब करून बघत होता.

परवाच्या फोनवर तू आईला विचारलंस म्हणे, "त्यांना विचार, त्या दिवशी नखाने खरवडून बघितलं होतं का?" तिने निरोप दिला. नळ चालू होता तरी मी तो आधीच ऐकला होता.

वरवर बघितलं होतं. गडबड होती, गाडी दारात उभी होती. जास्त काही आता आठवत नाही.

पाऊस बरा आहे. तब्येत सांभाळ.

— बाबा


२ नोव्हेंबर

भिंगरे,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिली दोन फाडली. दुसरं बरं जमलं होतं, पण तुझ्या आईने वाचलं आणि समोर ठेवून म्हणाली, "यात शेवटी तुम्हीच बिचारे ठरताय. खरं लिहा, नाहीतर लिहू नका." मग ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत बसली. अजून घालते आहे. एवढे कपडे आपल्याकडे नाहीत.

तू विचारलंस, नखाने खरवडून बघितलं होतं का. बघितलं होतं.

पहिल्या कुंडीतली काळी पानं बाजूला केली आणि मानेला नख लावलं. आत ओलं हिरवं होतं. शेजारी गव्हाच्या दाण्याएवढा गुलाबी कोंब होता. दुसऱ्या कुंडीतही तसंच. तिसरी मी उघडून बघितली नाही, कारण मला कळलं होतं. सगळी जिवंत होती. मला माहीत होतं आणि मी ती टाकली.

खोकी आणायलाही तू आपण होऊन गेली नव्हतीस. "दुकानात चांगली खोकी आली आहेत, घेऊन ये," असं म्हणून मी तुला पाठवलं होतं. तू निघाल्यावर मालकांना फोन केला की तिला जरा बसवून ठेवा, चहा पाजा. गाडी बुधवारी किती वाजता येते ते मला पाठ होतं.

का केलं, तेही लिहितो. मंगळवारी जेवताना तू म्हणालीस, "बाईंना रोपं आवडली तर मी तिकडेच राहीन." किती आनंदात म्हणालीस. मी मालकांना दोन वर्षं आधी शब्द देऊन बसलो होतो की माझ्यानंतर रंग मिसळायच्या टेबलावर माझी मुलगी बसेल. तुझा डोळा माझा आहे. सात वर्षांची असताना तू दोन पांढऱ्यांतला फरक सांगितला होतास, तेव्हापासून माझ्या मनात ते पक्कं झालं होतं. तुला कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर नाही म्हणशील हे माहीत होतं. मला वाटलं, रोपंच नसली तर बाई परत जातील, तू चार दिवस रडशील आणि मग हळूहळू टेबलावर येशील. लोक म्हणतात रागाच्या भरात हातून घडतं. मी रागात नव्हतो. शांतपणे, एकेक करून, वीस मिनिटांत तुझी तीन वर्षं गाडीत घातली. गाडीवाला म्हणाला, "काका, एवढं सगळं टाकायचं?" मी म्हटलं, "मेलंय सगळं." हे खोटं मी पहिल्यांदा त्याला सांगितलं. तुला सांगितलं तेव्हा ते दुसऱ्यांदा होतं, आणि सोपं गेलं.

मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. माफ कर असं लिहीत नाही, कारण ते लिहिलं की उत्तर द्यायची जबाबदारी तुझ्यावर येते. तुझ्यावर कसलीही जबाबदारी नाही.

माझ्यावर आहे. मालकांना काल सांगून टाकलं, टेबल कोणालाही द्या, माझा शब्द मी परत घेतो. आणि एकतीस नंबरची दोन्ही रोपं हा हिवाळा काढतील, मी काढायला लावीन, आणि थंडी ओसरली की तुझ्याकडे येतील. तू पत्र फाडलंस तरी येतील.

— बाबा


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

साडेतीन महिने तुझं काही नाही. तू आईला फोन करतेस तेव्हा मी आता अंगणात जातो. चोरून ऐकायचं सोडलं.

सोबत खोकं पाठवतो आहे, ते सरळ उभं आहे का बघून उघड. बाजूला बाण काढले आहेत. आत एकतीस नंबर आहे. दोन मोठी रोपं आणि त्यांच्या बाजूने निघालेले तीन लहान तुकडे. ते रोपांच्या दुकानातल्या बाईंच्या समोर बसून मीच वेगळे केले. सुरी उकळत्या पाण्यात घालून घेतली होती. मुळांना ओला कागद गुंडाळला आहे आणि खोक्याला हवेसाठी भोकं पाडली आहेत.

तुझ्या वहीत या रोपापुढे लिहिलं आहे, "उन्हाळी रंग उत्तम. थंडीत हिरवं पडतं का? तीन हिवाळे बघायचे. पहिला – नाही. दुसरा – नाही. तिसरा –" आणि पुढे कोरं. तो तिसरा हिवाळा मी तुला बघू दिला नाही. या हिवाळ्यात दर रविवारी सकाळी दहा वाजता, म्हणजे उजेड सारखा असताना, मी पानाशेजारी रंगाची पट्टी धरून नोंद केली. चौदा रविवार. दंव पडलं त्या आठवड्यात बाहेरची पानं करपून काळी झाली, पण यावेळी मी फक्त बघितलं. आतली पानं गडद होत वाइनच्या रंगावर गेली. आता नवीन पान पुन्हा तांबूस निघतं आहे. हिरवं पडलं नाही.

नोंदी वेगळ्या कागदावर आहेत. वहीत मी काही लिहिलेलं नाही. ती कोरी जागा तुझी आहे, भरायची की नाही ते तू ठरव.

माझ्याकडे मी एकही ठेवलेलं नाही. गवंडी म्हणाला, "अरे एक तरी ठेव!" मी म्हटलं, एक ठेवलं की ते माझं झालं. बाकीची सात पट्टीत मजेत आहेत. लिंबू रंगाच्याने तर नळाची वाट अडवली आहे. वीट आहे तिथे आहे.

— बाबा


१२ एप्रिल

भिंगरे,

परवा दुपारी पोस्टमन खोकं घेऊन आला. आपलंच खोकं, माझ्या बाणांचं. मला वाटलं तू न उघडता परत पाठवलंस. मी ते पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. अर्ध्या तासाने तुझी आई सुरी घेऊन आली. "तुम्ही रंग वाळण्याची वाट बघताय का?" म्हणाली आणि तिनेच फोडलं.

आत एक रोप. कुंडीतल्या प्लास्टिकच्या पट्टीवर नव्या पेन्सिलीने ३१. आणि तुझं पत्र. पहिला शब्द वाचला, "बाबा," आणि चष्मा पुसावा लागला. पुढचं आईने मोठ्याने वाचलं. मग मी वाचलं. मग पुन्हा तिने.

"सगळी रोपं एकाच खोक्यात पाठवतात का? वाटेत हरवलं असतं म्हणजे? एक कायम दुसऱ्या जागी ठेवायचं असतं. म्हणून हे तुमच्याकडे." बरोबर आहे. एवढ्या सगळ्या मोठेपणात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण त्याखाली जे लिहिलं आहेस ते मला दोन दिवस पुरलं. गाडीमागे धावलीस तेव्हा दोन कुंड्या तुझ्या हाताला लागल्या होत्या, त्या तू फाटकाबाहेर ठेवून आत आलीस. त्यातल्या एकीच्या मानेवर नखाचा ओरखडा होता आणि त्या ओरखड्यात निळा रंग होता. शाळेच्या दारांचा. म्हणजे तू घराकडे वळून आलीस, माझ्यासमोर मातीच्या हातांनी उभी राहिलीस आणि मी म्हणालो "मेलेली वाटली," तेव्हा तुला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. आईलासुद्धा सांगितलं नाहीस. ती दोन रोपं पुढे जगली नाहीत, असंही लिहिलं आहेस.

"मी रोपांसाठी गेले नव्हते, बाबा. तुम्ही खोटं बोललात म्हणून गेले. राग अजून आहे. कमी होईल तेव्हा होईल." असू दे. तो तुझा आहे, वापर हवा तेवढा. मी त्याच्या आड येणार नाही.

आता तुझा प्रश्न. तुमच्या रोपवाटिकेच्या बाईंना एकतीस नंबर आवडला, विक्रीच्या यादीत घालायचा आहे आणि नाव हवं आहे. "तुम्ही आयुष्यभर रंगांना नावं दिलीत, सुचवा." खरं सांगतो, वाचता वाचताच मला तीन सुचली होती. चांगली होती. आईलाही नाही सांगितली आणि तुलाही सांगणार नाही. तुझ्या वतीने मी एकदा ठरवून बघितलं, तेवढं पुरे. नाव तू ठेव. कसंही ठेव. मला म्हणता येणार नाही असं ठेवलंस तरी मी म्हणायला शिकेन.

काल सकाळी वीट उचलली. खालची माती वाळू घालून मोकळी केली, शेणखत घातलं नाही. खडूच्या खुणा भिंतीवर अजून आहेत, तिथे नऊपर्यंत ऊन येतं. गवंडी कुंपणाशी येऊन उभा राहिला, पण पालकाचं काही बोलला नाही. टोपी काढून हातात धरली होती त्याने, वेडा कुठला.

रोपाला हात लावण्याआधी मी नळाखाली नखं ब्रशने घासून धुतली. मान मातीच्या वर आहे.

— बाबा